यो-योची दोरी: नायलॉनची घ्यावी की पॉलिएस्टरची?

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत माझा भाचा आमच्याकडे राहायला आला, तो खिशात यो-यो घेऊनच. आपल्या लहानपणी थंड पेयांच्या बुचांच्या बदल्यात मिळायचा तसला हलका प्लॅस्टिकचा नव्हे. हा धातूचा, आत बॉल बेअरिंग असलेला, तळहातावर घेतला की वजन जाणवणारा. तिसऱ्या दिवशी दुपारी हॉलमधून 'खळ्ळ' असा आवाज आला. धावत जाऊन बघतो तर शोकेसची काच खाली आणि भाच्याच्या बोटाला दोरीचा वीतभर तुकडा लोंबतोय.

"मामा, दोरी तुटली."

काचेचं जाऊ द्या, पण तो यो-यो त्याच्या तोंडासमोरूनच गेला होता. हातभर अलीकडे-पलीकडे झालं असतं तर आम्ही काचवाल्याऐवजी डॉक्टरांकडे गेलो असतो.

संध्याकाळी दोघं दुकानात गेलो. दुकानदाराने एक चकचकीत पांढरी दोरी काढून दिली. "ही घ्या, नायलॉनची आहे. जन्मात तुटायची नाही." भाच्याने तोंड वाकडं केलं. "मामा, सगळे पॉलिएस्टरच वापरतात." का वापरतात हे त्याला सांगता येईना, आणि खरं सांगायचं तर मलाही सुचेना. मजबूत म्हटलं की नायलॉन, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मग ज्या खेळात दोरी तुटली की काच फुटते, त्या खेळात नायलॉन का नको?

उत्तर शोधायला निघालो आणि ते विचार केला होता त्यापेक्षा बरंच मजेशीर निघालं.

आधी कापूस, मग बाकीचे

यो-योसारखी खेळणी फार जुनी आहेत, पण आजच्या यो-योची गोष्ट फिलिपिन्समधून अमेरिकेत गेलेल्या पेद्रो फ्लोरेस यांच्यापासून सुरू होते. त्यांनी १९२८ साली कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे यो-यो बनवायला सुरुवात केली. त्यांच्या यो-योत एक साधी पण महत्त्वाची गोष्ट होती. दोरी आसाला घट्ट बांधलेली नव्हती, आसाभोवती नुसता तिचा फासा अडकवलेला होता. त्यामुळे यो-यो खाली गेला की लगेच परत न येता तिथेच गरगर फिरत राहायचा. खेळाडू याला 'स्लीपर' म्हणतात, म्हणजे यो-यो झोपला. आज यो-योच्या ज्या कसरती दिसतात त्या सगळ्या या झोपेवर उभ्या आहेत. पुढे डोनाल्ड डंकन या उद्योजकाने फ्लोरेस यांचा धंदा विकत घेतला आणि डंकन हे नाव यो-योला कायमचं चिकटलं.

त्या काळात दोरी कापसाची असायची, कारण दुसरं काही नव्हतंच. अमेरिकेतल्या ड्युपॉन्ट कंपनीत वॉलेस कॅरोथर्स यांच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झालं ते १९३५ साली. पॉलिएस्टरचा धागा तर १९४१ मध्ये इंग्लंडच्या व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी शोधला. त्याचं तिकडचं नाव टेरिलीन. हो, तेच टेरिलीन, ज्याच्या शर्टाची इस्त्री मोडायची नाही म्हणून आपल्याकडे एका पिढीने अभिमानाने मिरवलं. त्यात कापूस मिसळला की टेरिकॉट.

पण हे धागे बाजारात आल्यावरही यो-योला कितीतरी वर्षं कापसाचीच दोरी लागत राहिली. नवीन धागे मजबूत होते, मग का नाही वापरले? याचं कारण आसात दडलेलं आहे.

जुन्या यो-योचा आस लाकडाचा किंवा धातूचा आणि जागच्या जागी पक्का असायचा. यो-यो 'झोपला' की आस दोरीच्या फाशात घासत फिरायचा. दर मिनिटाला काही हजार फेरे, आणि तेही दोरीच्या त्याच एका जागेवर. घर्षणाने उष्णता तयार होणारच. कापूस वितळत नाही. तो झिजतो, काळा पडतो, फार तर करपतो, आणि त्यातही थोडा वेळ तग धरतो. नायलॉन आणि पॉलिएस्टर हे मात्र मुळात प्लॅस्टिकच. नायलॉनचा एक प्रकार साधारण २२० अंश सेल्सिअसला वितळतो, दुसरा प्रकार आणि पॉलिएस्टर २६० अंशांच्या आसपास. आकडे मोठे वाटतात, पण घासणारी जागा अगदी इवलीशी असते आणि सगळी उष्णता तिथेच साठते. धागा वितळण्याच्या बराच आधी मऊही पडायला लागतो. मऊ पडलेला धागा आसाला चिकटतो, यो-यो मध्येच झटका देऊन वर येतो किंवा दोरी तिथूनच तुटते.

मग खेळ बदलला तो बेअरिंगमुळे. १९९० साली टॉम कून यांचा बॉल बेअरिंग असलेला यो-यो आला आणि त्या दशकात बेअरिंग सर्रास झालं. १९९७ मध्ये जपानमध्ये बांदाई कंपनीच्या 'हायपर यो-यो'ने तर लाटच आणली. बेअरिंगमध्ये दोरी बाहेरच्या कडीवर बसते. ती कडी स्थिर राहते आणि यो-यो आतल्या गोळ्यांवर फिरतो. म्हणजे दोरीला घासणारं काही उरलंच नाही. वितळण्याची भीती गेली आणि कापसाची गरजही गेली. मधल्या काळात अर्धा कापूस, अर्धं पॉलिएस्टर अशा दोऱ्या भरपूर चालल्या, म्हणजे थोडक्यात टेरिकॉटच. त्यानंतर पूर्ण पॉलिएस्टरचं राज्य आलं ते आजतागायत.

तुमच्या घरी जुना लाकडी आसाचा यो-यो असेल तर मात्र हे उलट लागू होतं. त्याला कापसाचीच दोरी घाला.

कपडे वाळत घालायच्या दोरीने शिकवलेला धडा

आता मुख्य प्रश्नाकडे. नायलॉन आणि पॉलिएस्टर यांत मजबूत कोण?

एकाच जाडीचे चांगले धागे घेतले तर दोघांच्या ताकदीत फार फरक पडत नाही. नायलॉन थोडं वरचढच ठरतं, आणि घासून झिजण्याला तर ते नक्कीच जास्त पुरून उरतं. दुकानदार चूक बोलत नव्हता. पण यो-योच्या दोरीत फक्त ताकद बघायची नसते.

बाल्कनीत नायलॉनची दोरी कधी बांधली असेल तर तुम्हाला हे माहीत आहे. पहिल्या दिवशी ती तारेसारखी ताठ असते. ओल्या चादरी टाकल्या की तिचा झोपाळा होतो आणि चादरीचं टोक फरशीला लागतं. कपडे काढले की ती पुन्हा बरीचशी वर येते. हाच नायलॉनचा स्वभाव: ओढलं की ताणायचं, सोडलं की परतायचं. पॉलिएस्टर अशा कमी ताणाखाली त्याच्या दुप्पट-तिप्पट ताठ राहतं. म्हणून डोंगर चढणाऱ्यांचे दोर नायलॉनचे असतात. माणूस पडला तर दोराने ताणून धक्का गिळावा, कंबर मोडू नये, हा त्यामागचा हेतू. शिडाच्या होडीत शीड वर ओढून धरणारे दोर मात्र बरेचदा पॉलिएस्टरचे, कारण तिथे दोर ताणला गेला तर शीडच ढिलं पडेल.

मग यो-यो गिर्यारोहकासारखा की शिडासारखा? गंमत अशी की तो दोन्हीसारखा आहे.

ढोबळ हिशोब करून बघू. समजा यो-यो ६५ ग्रॅमचा आहे आणि दोरी संपते तेव्हा तो सेकंदाला ६ मीटर वेगाने खाली जातोय. त्या वेगातली ऊर्जा साधारण १.२ ज्यूल. दोरी १ सेंटिमीटर ताणून त्याला थांबवत असेल तर सरासरी जोर जवळपास १२ किलो वजनाइतका पडतो. दोरी ३ सेंटिमीटर ताणली तर हाच जोर ४ किलोवर येतो. प्रत्यक्षात आपला हातही थोडा खाली जातो, त्यामुळे हे आकडे कमी होतात, पण तुलना तीच राहते. म्हणजे ताणणारी दोरी बोटाला सुखाची. बोटाच्या दृष्टीने पहिला गुण नायलॉनला द्यायला हवा.

पण ती ऊर्जा गेली कुठे? नायलॉनने ती खाल्ली नाही, नुसती उसनी घेतली. पुढच्याच क्षणी ती परत करते आणि यो-यो खालून टुणकन उसळतो. तो उसळला की दोरी क्षणभर सैल पडते. साध्या, म्हणजे हाताच्या झटक्याने परत येणाऱ्या यो-योमध्ये नेमकी हीच सैल दोरी आतल्या चकत्यांमध्ये अडकते आणि यो-यो झोपायच्या आतच वर येतो. 'आमचा यो-यो झोपतच नाही' अशी तक्रार करणाऱ्या नवशिक्या मुलांनी यो-योला दोष देण्याआधी एकदा दोरीकडे बघावं.

महागड्या यो-योत हा त्रास वेगळ्या रूपात येतो. तिथे खेळाडू यो-योला दोरीवरच झेलतो, एका पदरावरून दुसऱ्यावर टाकतो, दोरीचे त्रिकोण आणि झोपाळे करतो. प्रत्येक झेलीला दोरी थोडी उसळली तर पुढचा पदर जिथे असायला हवा तिथे नसतो. जागतिक यो-यो स्पर्धेच्या अंतिम फेरीत खेळाडूला तीन मिनिटं मिळतात आणि त्या तीन मिनिटांत शेकडो वेळा यो-यो दोरीवर उतरतो. तिथे हवी असते ती आधीच्या वेळी वागली तशीच पुढच्या वेळीही वागणारी दोरी. पॉलिएस्टर त्यासाठी पुढे आलं. ते जास्त मजबूत आहे म्हणून नव्हे. ते कमी चकवतं म्हणून.

पाऊस, घाम आणि पीळ

दुसरी गोष्ट विशेषतः आपल्याकडच्यांनी लक्षात घ्यावी, ती म्हणजे ओल. साधारण हवेत नायलॉन स्वतःच्या वजनाच्या ४ टक्क्यांच्या आसपास पाणी धरून ठेवतं. पॉलिएस्टर ०.४ टक्के, म्हणजे दहावा हिस्सा. कापूस ७-८ टक्के. पाणी शिरलं की नायलॉन आणखी मऊ होतं, जास्त ताणतं आणि त्याची थोडी ताकदही जाते. कापसाचं उलट, तो ओला झाल्यावर अधिक मजबूत होतो. पण फुगतो आणि जड होतो.

मुंबईत किंवा कोकणात जुलैमध्ये खेळताना नायलॉनची दोरी एप्रिलमध्ये होती तशी वागत नाही. पुण्यात एसी चालू असलेल्या खोलीत सराव केला आणि स्पर्धेला दमट हॉलमध्ये उतरलात तरी तेच. शिवाय घामेजलेली बोटं दिवसभर दोरीवरून फिरत असतात. पॉलिएस्टरला या सगळ्याशी फारसं देणंघेणं नसतं.

यातूनच पिळाचा प्रश्न येतो. यो-योची दोरी म्हणजे नुसता धागा नव्हे. एक लांब पीळदार पदर मधोमध दुमडतात आणि ती दोन अर्धुकं एकमेकांभोवती उलट दिशेने पिळतात. दुमडलेलं टोक उलटा पीळ देऊन उघडलं की यो-योच्या आसाभोवती जाणारा फासा होतो. दुसऱ्या टोकाला गाठ मारून बोटात घालायचा सरकफास करतात. प्रत्येक वेळी यो-यो फेकला, गुंडाळला की या पिळात थोडी भर पडते किंवा थोडी घट होते. पीळ फार चढला की सैल सोडलेली दोरी स्वतःभोवतीच वेटोळी घालते, आणि फार उतरला की फासा सैल पडून यो-यो नीट परत येत नाही. खेळाडू अधूनमधून यो-यो आडवा फिरवून किंवा दोरी सोडवून हा पीळ जागेवर आणतात.

नायलॉन उसळीचं असल्यामुळे त्याला पीळ सहन होत नाही, ते कायम मोकळं व्हायला बघतं. पॉलिएस्टरला उष्णता देऊन पीळ चांगला 'बसवता' येतो. टेरिलीनच्या पँटची चुणी धुतल्यावरही टिकायची, त्यामागेही हाच गुण.

वजनाचाही फरक आहे. नायलॉनची घनता १.१४ आणि पॉलिएस्टरची १.३८, म्हणजे तेवढ्याच जाडीची नायलॉनची दोरी साधारण १७ टक्के हलकी. एवढ्याशा दोरीत १७ टक्के म्हणजे काय, असं वाटेल. पण आजकालच्या बऱ्याच कसरतींमध्ये दोरीचा मोठा फास हवेत फेकून तो यो-योभोवती पाडायचा असतो. तिथे दोरीला थोडं वजन असलं की फास हवेत उघडा राहतो आणि ठरल्या जागी पडतो. हलकी दोरी चटकन वळते पण तितकीच चटकन मिटते. काहींना हीच चपळाई आवडते आणि म्हणून नायलॉनच्या किंवा नायलॉन मिसळलेल्या दोऱ्या वापरणारे खेळाडूही आहेत. ते चुकतात असं म्हणायचं कारण नाही. त्यांचा हात त्या उसळीला सरावलेला असतो.

नाव एक, सूत दोन

इथे एक भानगड सांगितलीच पाहिजे, कारण या वादातली अर्धी भांडणं त्यामुळे होतात.

पॉलिएस्टरचं सूत दोन प्रकारचं येतं. एक म्हणजे कारखान्यातून निघालेले अखंड लांब तंतू एकत्र पिळलेले. हे गुळगुळीत आणि चमकदार असतं. दुसरं म्हणजे तेच तंतू बारीक कापून, कापसासारखे पिंजून कातलेले. हे जरा लवदार आणि मंद दिसतं. शिंप्याकडचं साधं पॉलिएस्टरचं रीळ बहुधा या दुसऱ्या प्रकारचं असतं आणि यो-योच्या बहुतेक पॉलिएस्टर दोऱ्याही तशाच. नायलॉन मात्र आपल्याला जवळजवळ नेहमी पहिल्या, गुळगुळीत रूपात भेटतं.

त्यामुळे 'नायलॉन घसरतं, पॉलिएस्टर पकडतं' असं कुणी म्हणतं तेव्हा अनेकदा तो फरक धाग्याच्या जातीचा नसून सुताच्या लवेचा असतो. यो-यो हातात परत आणताना दोरीची एक घडी आतल्या रबरी चकत्यांमध्ये अडकावी लागते. तिथे लवदार दोरी पटकन पकड घेते, गुळगुळीत दोरी निसटते. गुळगुळीत पॉलिएस्टर घेतलंत तर तेही निसटेल. बोटावर मात्र याचं उलट. लवदार दोरी बोटांच्या बेचक्यात जोरात घासली की चटका बसतो, गुळगुळीत दोरी सरकून जाते. बोट भाजणाऱ्यांनी दोरीची जात बदलण्याआधी थोडी बारीक किंवा मऊ दोरी घेऊन बघावी.

मग माझ्या भाच्याची दोरी तुटली का?

हा प्रश्न मला जास्त छळत होता. दोरी पॉलिएस्टरचीच होती आणि तिला १२ किलोचा जोर जड जायला नको होता. तुटलेलं टोक बघितलं तेव्हा उत्तर मिळालं. ती बोटाजवळ नव्हे, बेअरिंगजवळ तुटली होती, आणि तिथे तिचे पदर दाढीसारखे पिंजारले होते. विचारल्यावर कळलं की तीच दोरी तो दोन महिने वापरत होता.

दोरी एका फेकीत तुटत नाही. ती चकत्यांवर घासून, रोज थोडी थोडी कुरतडली जाऊन तुटते. मधेच गाठ पडून राहिली असेल तर आणखी लवकर, कारण गाठीपाशी दोरीची ताकद सरासरी तिसऱ्या हिश्श्याने, कधी निम्म्यानेही कमी होते. गाठीच्या वळणात बाहेरचे तंतू सगळा ताण घेतात आणि आतले रिकामे बसतात.

नियमित खेळणारी मुलं म्हणूनच दोरी काही दिवसांनी, जास्त सराव असेल तर काही तासांनीसुद्धा बदलतात. ती मळली, तिची लव गेली, बेअरिंगजवळ ती पिंजारलेली दिसली की काढायची. इथे नायलॉनचा टिकाऊपणा खरं तर कामाचा आहे, ते उशिरा झिजतं. पण यो-योची दोरी ही सायकलच्या ब्रेकच्या रबरासारखी आहे. ती झिजणारच आहे आणि ती स्वस्त आहे. तिने दोन महिने टिकावं अशी अपेक्षाच चुकीची.

आणि आता जे सांगतो ते आई-बाबांनी जरूर वाचावं. दोरी संपली की मुलं घरात मिळेल ते लावतात. मासे पकडायचा तंगूस हा त्यातला पहिला उमेदवार. तो नायलॉनचाच असतो, पण एकच जाडसर, गुळगुळीत तार. तिला दोन पदरांत उघडून फासा करता येत नाही, गाठ आपोआप सुटते, आणि बोटाला बसणारा जोर बारीक रेषेवर पडल्यामुळे कातडी कापते. दुसरा उमेदवार संक्रांतीचा उरलेला मांजा. तो तर हातातही घेऊ नका. नायलॉनच्या आणि इतर कृत्रिम मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे, आणि ती का घातली हे दर जानेवारीत कापल्या गेलेल्या गळ्यांच्या आणि जखमी पक्ष्यांच्या बातम्यांमधून आपण वाचतोच.

दोरी कोणतीही असो, सरकफास बोटावर रात्रभर ठेवायचा नाही. मधलं बोट जांभळं किंवा थंड पडलं की तो लगेच सैल करायचा. नवीन खेळणाऱ्याने चष्मा नसेल तरी डोळ्यांची काळजी घ्यावी, आणि शोकेससमोर तर मुळीच खेळू नये.

दुकानातली दोरी नेमकी कसली, हे ओळखायचं कसं?

बाजारात 'नायलॉन' म्हणून विकली जाणारी प्रत्येक दोरी नायलॉनची नसते. निळ्या-हिरव्या रंगाच्या कितीतरी दोऱ्या पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिथिलीनच्या असतात. ओळखायची सोपी युक्ती: छोटा तुकडा साबणाच्या पाण्यात चोळून त्यातली हवा काढा आणि वाटीभर पाण्यात टाका. नायलॉन आणि पॉलिएस्टर दोन्ही बुडतात. तरंगली तर ती या दोन्हींपैकी नाही. तसली दोरी लवकर वितळते आणि यो-योला अजिबात चालत नाही.

कापूस ओळखायला एक तंतू चिमट्यात धरून पेटवा. हे काम मोठ्यांनी, मोरीत पाण्याची बादली शेजारी ठेवून करायचं. कापूस कागदासारखा जळतो आणि राख होते. नायलॉन-पॉलिएस्टर आक्रसून त्यांचा कडक मणी बनतो. पॉलिएस्टरचा धूर जास्त काळा असतो. वितळलेला थेंब कातडीवर पडला तर वाईट भाजतं, म्हणून बोटात धरून कधीही जाळून बघू नका.

आमच्या दुकानदाराची दोरी बुडाली आणि तिचा मणीही झाला. नुसत्या हाताने ओढून सोडली की ती चांगली रबरासारखी परत येत होती. माणूस खरं बोलत होता, ती नायलॉनचीच होती. भाच्याने ती लावून पाहिली. यो-यो खाली जाऊन दर वेळी टुणकन उडायचा आणि तो वैतागायचा.

शेवटी आम्ही दोरी घरीच केली. शिंप्याकडून पॉलिएस्टरचं साधं रीळ आणलं. सुमारे तीन मीटर लांबीचे अनेक पदर एकत्र घेतले. किती, ते रिळाच्या जाडीवर ठरतं, आम्ही जुन्या दोरीशी ताडून बघत वाढवत गेलो. एक टोक दाराच्या कडीला बांधलं, दुसरं पेन्सिलीला, आणि पेन्सिल फिरवत राहिलो. दोरी इतकी पिळली की ढिली सोडताच तिला वेटोळी पडायला लागली. मग मधोमध धरून दुमडली आणि दोन्ही टोकं जुळवून हळूहळू सोडली, तसे दोन पदर आपोआप एकमेकांभोवती गुंडाळले गेले. टोकाला निरगाठ मारली. खेळणाऱ्याच्या बेंबीपर्यंत किंवा किंचित वर येईल इतकी लांबी ठेवून उरलेली कापून टाकली.

पहिली दोरी वेडीवाकडी झाली. दुसरी जाड झाली आणि यो-योच्या फटीत मावेना. चौथीवर यो-यो मिनिटभर झोपला. एका रिळात कितीतरी दोऱ्या होतात, त्यामुळे भाचा आता दर दोन-तीन दिवसांनी बिनदिक्कत नवी दोरी लावतो. नायलॉनची ती दोरी बाल्कनीत घेवड्याच्या वेलाला बांधली आहे. पावसाळा लागल्यापासून ती मधोमध चांगली वीतभर खाली आली आहे.